कुरवंड्याची लेकुरवाळी

पानशेत फुटलं त्याच्या पुढल्या वर्षी मी लोणावळ्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायला आले. बी.एस्सी. नुकतीच झालेली, वय तेवीस, आणि आपल्याला बरंच काही कळतं याबद्दल मनात शंका नावालाही नाही. पुण्याला घरी सगळे म्हणायचे, हिचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. लोणावळ्यात राग काढायला हक्काचं माणूस नव्हतं, म्हणून मी तो अभ्यासक्रमावर काढला. बेडकाच्या पचनसंस्थेची आकृती मी फळ्यावर काढायची, मुलांनी ती वहीत उतरवायची, आणि खिडकीबाहेर खरे बेडूक घसा फुटेस्तोवर ओरडत असायचे. मला ते सहन होईना. शेवटी मी ठरवलं की रविवारी सकाळी बाहेर पडायचं, आणि ज्याला यायचं असेल त्याला बरोबर न्यायचं.

बाजारात गोणपाटाचं दुकान चालवणारे एक चाचा होते. त्यांच्या दुकानाच्या फळीवर मी खडूनं लिहिलं: 'ओढ्याकाठी जीवशास्त्र. रविवारी सकाळी. सहकुटुंब यावे. फी नाही.' चाचांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बाई, शेवटचं वाक्य पुसा. फुकट म्हटलं की लोकांना संशय येतो." मी पुसलं नाही. पहिल्या रविवारी चाचा, त्यांची बायको, दोन मुलं आणि रेल्वेतला एक फायरमन एवढीच माणसं आली. फायरमन जरा लांब, हाताची घडी घालून उभा होता. मी मुंग्यांच्या वारुळाबद्दल तासभर बोलले. संपल्यावर तो पुढे आला आणि विचारू लागला, "औषध कधी काढणार?" उघड्यावर उभं राहून बोलणारा माणूस शेवटी पिशवीतून तेलाची बाटली नाहीतर मुळी काढतोच, असा त्याचा आजवरचा अनुभव. औषध नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "मग एवढं बोललात कशाला?" म्हणाला. पण पुढल्या रविवारी तो बायकोमुलांना घेऊन आला.

कुरवंड्याच्या वाटेवर एक ओढा लागतो. त्याच्या काठी एक मोठा उंबर होता, त्याखाली आम्ही बसायचो. चाचा बसायला फाटकी पोती आणायचे. हळूहळू रेल्वेच्या चाळीतली कुटुंबं यायला लागली, मग चिक्कीच्या दुकानातल्या बायका, मग बंगल्यांवर हवा खायला येणारे मुंबईचे लोक. मुंबईचे लोक थर्मास आणायचे आणि प्रत्येक पानाबद्दल एकच प्रश्न विचारायचे: हे खाल्लं तर चालतं का? मी कधी कधी 'खाऊन बघा' असं उत्तर दिलेलं आहे. एकूण मी लोकप्रिय होते असं म्हणायला हरकत नाही, आणि ते मला फार आवडायला लागलं होतं.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मी खेकड्यावर बोलत होते. शाळेच्या प्रयोगशाळेतली बाटली मी बरोबर आणली होती. तिच्यात एक समुद्री खेकडा होता, फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं पडून भुऱ्या रंगाचा झालेला. मी बाटली उंच धरून पायांचे सांधे दाखवत होते. वाटेवरून एक पन्नाशीची बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन बाजाराकडे चालली होती. ती थांबली. थोडा वेळ तिनं ऐकलं, मग भारा खाली उतरवला, ओढ्यात पाय घातला, दगडाच्या सांदीत कोपरापर्यंत हात खुपसला आणि एक जिवंत खेकडा काढून माझ्यासमोर धरला.

"मेलेला कशापायी दाखवता, बाई? हितं जित्ता हाय की पायाशी."

सगळे हसले. मलाही हसणं भाग होतं. पण तिनं खेकडा पालथा करून पोटाखालचा पदर कसा बघायचा, रुंद असला तर मादी, निमुळता असला तर नर, हे इतकं झकास सांगितलं की पोती सोडून सगळी मुलं ओढ्यात उतरली. कुरवंड्याच्या वरच्या डोंगरातल्या वाडीत ती राहायची. त्या दिवसापासून ती माझी मावशी झाली, आणि व्याख्यान तिचं आणि माझं मिळून व्हायला लागलं.

दर रविवारी मावशी काहीतरी घेऊन यायच्या. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं असे. फडकं सुटेपर्यंत मुलांच्या जिवात जीव नसे. कधी पानासारखा दिसणारा किडा, कधी शेपटीचं टोक तुटलेला सरडा, कधी नुसत्याच शेंगा. त्या सांगायच्या की हे कुठं राहतं, काय खातं, कधी दिसेनासं होतं. मी पुस्तकातलं नाव सांगायची. त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती मी वहीत उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन ग्रंथातल्या वर्णनाशी ताडून बघायची. अशी ताडून बघितलेली नावं हे माझ्या त्या वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम आहे, पण त्यात माझं होतं ते फक्त अक्षर.

मावशींची अट एकच होती. व्याख्यान संपलं की आणलेला जीव होता तिथं परत जायला हवा. "जिथनं उचललं तितं," एवढंच म्हणायच्या. मी ती अट पाळत आले. खरं सांगायचं तर मला ती थोडी भाबडी वाटायची, पण पाळायला माझं काही जात नव्हतं.

असं तीन-चार वर्षं चाललं. मग एका श्रावणात माझ्या डोक्यात आलं की लोकांना पिल्लांसकट खेकडी दाखवावी. गोड्या पाण्यातली खेकडी अंडी पोटाखाली धरते, आणि पिल्लं बाहेर आली तरी काही दिवस ती तिथंच चिकटून असतात. डाळीच्या दाण्याएवढे पूर्ण खेकडे. हे डोळ्यांनी बघितलेलं माणूस विसरत नाही. मी मावशींना तशी खेकडी आणायला सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"न्हाई बाई. लेकुरवाळीला आमी हात लावत न्हाई. चुकून लागला तर हाय तितंच ठिवायची. ती परत पोचेस्तवर घरात खेकडा शिजत न्हाई."

"तासाभराचं तर काम आहे, मावशी."

"सून पोटुशी हाय माजी," त्या हळूच म्हणाल्या. "दोन येळा पोट पडलं तिचं."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण आपण म्हणू ते झालंच पाहिजे ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, तुम्ही काही काळजी करू नका, मी माझ्या हातानं ती जागच्या जागी सोडीन, शब्द देते. मावशींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझ्याबद्दल त्यांना किती विश्वास वाटत होता हे मला तेव्हा कळलं, आणि त्याचा मला अभिमान वाटला, दुसरं काही वाटलं नाही.

"तुमी म्हणता तर," त्या म्हणाल्या.

रविवारी उघडीप होती. मावशींनी माझ्यादेखत उंबराखालच्या सांदीतून खेकडी काढली, मला दगड दाखवून ठेवला, आणि मडकं हवाली केलं. सुनेला त्या सकाळी बरं वाटत नव्हतं, म्हणून त्या थांबल्या नाहीत. जाताना खेकडीकडे बघून त्यांनी हात जोडले. व्याख्यान इतकं रंगलं की तसं पुन्हा कधी रंगलं नाही. मी खेकडीचा पदर अलगद उचलला आणि आतली पिल्लं हलायला लागली, तेव्हा चाचांच्या बायकोनं तोंडावर पदर धरला. "अगं बाई, किती गं ही," असं ती म्हणत राहिली. मुंबईच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचे डोळे भरून आले होते.

संपल्यावर मी मडकं घेऊन सांदीशी गेले. मग वाटलं, उद्या नववीच्या वर्गाला दाखवावं. एक दिवसानं काय बिघडतं? मी ते खोलीवर नेलं. सोमवारी वर्गाला दाखवलं. सोमवारी संध्याकाळी सोडायला जायचं, तर पाऊस कोसळत होता आणि कुरवंड्याची वाट लांब. मंगळवारी प्रयोगशाळेत त्या जुन्या समुद्री खेकड्याच्या बाटलीकडे माझं लक्ष गेलं. आपल्याकडे गोड्या पाण्यातला नमुनाच नाही. पिल्लांसकट तर पुण्याच्या कॉलेजातसुद्धा मी पाहिला नव्हता.

खेकडी मेली म्हणून बाटलीत घातली, असं पुढे कित्येक वर्षं मी सांगत आले. ती मेलेली नव्हती. नांगी उगारून चांगली जोरात होती. मी फॉर्मॅलिन ओतलं, झाकण लावलं, मेणानं बंद केलं, आणि चिठ्ठीवर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'गोड्या पाण्यातील खेकडी, पिल्लांसह. स्थळ कुरवंडे.' काम झाल्यावर मी लांबून बघितलं आणि मला समाधान वाटलं. हे समाधानच मला आज सगळ्यात जास्त टोचतं.

पुढल्या रविवारी मावशींनी येताक्षणी विचारलं, "सोडली का, बाई?"

"सोडली की."

"त्याच सांदीत?"

"त्याच. आत शिरताना बघितली मी तिला."

खोटं बोलणारा माणूस नको तेवढं बोलतो. मावशींचा चेहरा एकदम सैल पडला. त्या मटकन पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आठ दिस जीव थाऱ्यावर न्हवता." त्या आठवड्यात त्यांच्या घरात खेकडा शिजला नव्हता. पावसाळ्यात वाडीत कोरड्यासाला दुसरं काय असतं, हे मला ठाऊक होतं. मी पानांवरच्या गाठींबद्दल बोलायला सुरुवात केली.

पौषात सुनेला मुलगा झाला. बारशाला मला वर वाडीवर बोलावणं आलं. चढण चढून धापा टाकत गेले, तर माझ्यासाठी घोंगडी अंथरलेली. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. मावशींनी बाळ उचललं आणि आत्याच्याही आधी माझ्या ओटीत ठेवलं. आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्या बाईंनी लेकुरवाळी जाग्यावर पोचवली. म्हनून ह्यो टिकला." सून डोळे खाली घालून हसली. बाळ ऊनऊन होतं. माझ्या बोटाला त्यानं मूठ घातली. त्या क्षणी सांगून टाकायचं होतं मला. पण बारशाच्या घरात ते कसं सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं, आणि मला फार सुटल्यासारखं झालं. गूळ-खोबरं खाऊन मी खाली आले. बाटली फडताळात मागे ढकलावी, असंसुद्धा माझ्या मनात आलं नाही. इतकी मी निर्धास्त झाले होते.

पुढल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही उंबराखाली बसतो न बसतो तोच आभाळ फुटलं. पोती डोक्यावर घेऊन सगळे बाजाराकडे पळत सुटले. शाळेची किल्ली माझ्याकडे होती. मी म्हटलं, चला, प्रयोगशाळा बघा. पंचवीस-तीस माणसं भिजलेल्या कपड्यांनिशी बाकांमधून फिरायला लागली. मावशीही होत्या. कडेवर नातू, त्याच्या डोक्यावर इरल्याचा तुकडा. शाळेच्या इमारतीत त्या आयुष्यात पहिल्यांदाच आल्या होत्या. दाराशी त्यांनी वहाणा काढल्या. माझ्याबद्दलच्या कौतुकानं त्यांचं तोंड फुललं होतं.

फायरमनच्या मुलीला नवीनच वाचता येऊ लागलं होतं. ती फडताळापुढे उभी राहून एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत होती. "गोड्या पाण्यातील खेकडी," तिनं वाचलं. "पिल्लांसह. स्थळ कुरवंडे."

मावशी तिच्यामागेच होत्या. त्यांनी वाकून बाटलीत पाहिलं. नातवानं काचेकडे हात केला, तो त्यांनी हळूच मागे घेतला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर कदाचित मी माफी मागितली असती. सगळ्यांच्याच ते लक्षात आलं होतं, कारण त्या खेकडीची आणि शब्दाची गोष्ट मावशींनी सगळ्यांना कितीदा तरी सांगितली होती. आणि सगळे माझ्याकडे बघत असले की मला एकच गोष्ट करता यायची. मी शिकवायला सुरुवात केली.

"मावशी, आता हेच बघा ना," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला आजही ऐकू येतो, अगदी स्वच्छ, वर्गातला. "खेकडी परत गेली नव्हती. तरी तुमचा नातू ठणठणीत आहे. म्हणजे एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. यालाच आपण पुरावा म्हणतो. उलट तुम्हाला आता कधी भीती बाळगायचं कारण नाही."

मला खरोखर वाटत होतं की मी त्यांना काहीतरी देते आहे.

मावशींनी नातवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "व्हय," त्या म्हणाल्या. "पोरगं बरं हाय. पर तुमी सोडली म्हनला हुता, बाई."

त्या दाराकडे गेल्या, वहाणा घातल्या आणि तशा पावसात निघून गेल्या. मी थांबा म्हणाले, पण ते सगळ्यांदेखत म्हणायचं म्हणून म्हणाले. चाचांनी एक पोतं उचललं आणि त्यांच्यामागे धावत जाऊन नातवाच्या अंगावर घातलं. परत आल्यावर ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलले. फक्त जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही तिला बरोबर काय आणि चूक काय ते सांगितलंत. तिनं ते विचारलं नव्हतं."

व्याख्यानं मी चालू ठेवली. मावशी येईनाशा झाल्या. समुद्री खेकड्याची बाटली पुन्हा माझ्या हातात आली, कारण ओढ्यात हात घालायची मला भीती वाटायची. लोक यायचे, ऐकायचे, मान डोलवायचे. पण मुलं पोती सोडून उठत नव्हती. एकदा फायरमननं कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं, "हल्ली बाई पुस्तकातलं बोलतात." त्यात काही खोटं नव्हतं.

माफी मागायला वर जायला मला होळी उजाडली. रोज ठरवायची आणि रोज काहीतरी निघायचं. शेवटी एका रविवारी फळीवर 'आज व्याख्यान नाही' असं लिहून मी कुरवंड्याची वाट धरली. वाटेत वाक्यं जुळवत होते. मावशी अंगणात नाचणी पाखडत होत्या. मला बघून त्या उठल्या, घोंगडी टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. पुण्याला आई बरी आहे का, माझं लग्नाचं कुठं जमतंय का, सगळं विचारलं. नातू भिंतीला धरून चालत होता.

मी म्हटलं, "मावशी, मी चुकले. मी तुम्हाला खोटं सांगितलं आणि वर तुम्हालाच शिकवलं."

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "झालं गेलं. तुमी आमच्या घरी आला, लय झालं."

हे त्यांनी मनापासून म्हटलं, याबद्दल मला शंका नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा दोनदा घेतला. रविवारी याल ना, असं विचारलं. "येईन की," म्हणाल्या. मी निघाले तेव्हा त्या नातवाला कडेवर घेऊन बांधापर्यंत पोचवायला आल्या. बांधावरच्या निवडुंगावर एक वेल चढली होती, बारीक जांभळट फुलांची. मी ती पूर्वी पाहिली नव्हती. सवयीनं माझा हात पिशवीतल्या वहीकडे गेला आणि मी अगदी जुन्यासारखं विचारलं, "मावशी, हिला काय म्हणता तुम्ही?"

मावशींनी वेलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून चांगल्या मायेनं हसल्या.

"काय की, बाई. मला न्हाई ठावं."

डोंगरातल्या एकाही पानाबद्दल असं म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी वही तशीच पिशवीत ढकलली, येते म्हटलं, आणि उतरायला लागले. दहा-बारा पावलं गेले असेन. मागे नातवानं त्या फुलांकडे हात केला असावा, कारण मावशी त्याला सांगायला लागल्या: ही काय, हिला काय म्हणायचं, हिची पानं कशाला लावायची, गुरं हिला का तोंड लावत नाहीत. सगळं सावकाश, एकेक करून, पूर्वी मला सांगायच्या तसं. थांबले असते तर नीट ऐकू आलं असतं. मी पाय उचलला आणि भराभर खाली उतरले, कारण ते आता मला सांगितलेलं नव्हतं.